आठव्या डावातला माणूस

"अरे, बॉल मारतोयस की बस पकडतोयस?"

कुवाबाता जाळीमागून ओरडला. पिंजऱ्यात बॅटिंगचा सराव करणाऱ्या कुसाकाने हेल्मेट काढलं, वळून कमरेत वाकला आणि अगदी मनापासून म्हणाला, "बस माझे बाबा चालवतात, सर. मियाकोनोजोला."

बाकीची पोरं खाली माना घालून खुदखुदली. कुवाबाता हसला नाही. आपण टोमणा मारावा आणि समोरच्याला तो लागूसुद्धा नये, याच्यासारखा छळ नाही. या पोराला देवाने वाऱ्याचे पाय दिले, दांडगा हात दिला, आणि डोकं द्यायची वेळ आली तेव्हा देव बहुतेक जेवायला गेला होता.

कुसाका तेप्पेई, वय बावीस, सेंटर फील्डचा खेळाडू, दुसऱ्या, म्हणजे राखीव संघात चौथं वर्ष. बॅट डावखुरी. पिचरच्या हातून बॉल सुटायचा अवकाश, याचं एक पाऊल पहिल्या बेसच्या दिशेने पडलेलंच. बॅट येणार मागाहून, सावकाश, वरातीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्या मामासारखी. बॉलला ती लागते, नाही असं नाही. पण लागते म्हणजे काय, तर कुणाच्या दारावर टकटक करावी तशी. बॉल घरंगळत जातो आणि कुसाका जिवाच्या आकांताने पळत सुटतो. कधी पोचतो, कधी नाही. चार वर्षं हेच. बघून बघून कुवाबाताच्या डोळ्यांना फोड यायचे बाकी होते.

आणि हा काही एकटा नव्हता. चपळ पोरगं दिसलं रे दिसलं की त्याला लहानपणीच डाव्या बाजूला उभं करायचं, ही इथली जुनी खोड. डावीकडून पहिला बेस दोन पावलं जवळ पडतो ना! मग उजव्या हाताने जेवणारी, उजव्या हाताने फेकणारी, उजव्या हाताने शेंबूड पुसणारी पोरं आठव्या-नवव्या वर्षी अचानक डावखुरी होतात आणि गावोगावच्या मैदानांवर टकटक करून पळत सुटतात. आईबाप टाळ्या वाजवतात. पोरांना बॅटिंग येत नाही हे कळेपर्यंत त्यांना दाढीमिशा फुटलेल्या असतात.

कुवाबाताला या जमातीचा मनस्वी तिटकारा होता. तिची त्याच्याइतकी आतली माहिती कुणाला नव्हती. सतरा वर्षं तो पहिल्या संघात होता, आणि सतरा वर्षं आठव्या डावात मैदानात उतरला. कुणी जाडजूड, महागडा बॅट्समन धापा टाकत पहिल्या बेसवर पोचला की त्याच्या जागी पळायला कुवाबाता. पळून झालं की शेवटच्या डावात फील्डिंगला कुवाबाता. मग अंघोळ. होमरन एकही नाही. अजून रस्त्यात कुणी ओळखलं तर म्हणे, "अरे, ते पळणारे कुवाबाता ना तुम्ही?" आणि हा मान तुकवी, हसे, आणि मनात म्हणे, याच्या तोंडात बूट कोंबला पाहिजे. आता सत्तावन्नाव्या वर्षी तो दुसऱ्या संघाचा बॅटिंग कोच होता. ज्याला जन्मात धड बॅटिंग आली नाही तो बॅटिंग शिकवणार! हा विनोद त्याने स्वतःच स्वतःला इतक्यांदा सांगितला होता की आता त्याला त्याचं हसू येत नसे.

"कुवाबातासाहेब, उद्या बैठक आहे हं," मागून आवाज आला.

हा ओइनुमा, दुसऱ्या संघाचा मॅनेजर. कुवाबातापेक्षा तीन वर्षांनी लहान. एके काळी हाच कुवाबाताच्या बॅटी उचलायचा आणि त्याच्यासाठी पळत जाऊन गार कोला आणायचा. आता मॅनेजरच्या जाकिटात पोट आवळून फिरतो आणि जिभेवर साखर ठेवून बोलतो. कुवाबाता त्याला चारचौघांत 'तुम्ही' म्हणे आणि मनात 'कोला'.

"माहीत आहे," कुवाबाता म्हणाला.

"कुसाकाचं काय सांगायचं? वरचे लोक विचारतायत. सूट, की पाय?"

सूट म्हणजे काय ते या मैदानावर सगळ्यांना ठाऊक. ऑक्टोबरात ज्याला फोन येतो, "उद्या सूट घालून ऑफिसात या", त्याचं बेसबॉल त्या फोनबरोबर संपलं. मग त्याने सूट घालून गाड्या विकाव्यात नाहीतर सासऱ्याच्या हॉटेलात शेवया उकडाव्यात.

"बॅटचं नाव घेतलंच नाही तुम्ही," कुवाबाता म्हणाला.

ओइनुमा हसला. "अहो, तुम्हीच तर चार वर्षं म्हणताय, त्याच्या हातात बॅट म्हणजे छत्री! मला विचाराल तर पाय. पुढच्या वसंतात पहिल्या संघात जाईल. आठव्या डावात पळेल, शेवटाला फील्डिंग करेल. वर्षानुवर्षं टिकेल. प्रत्येक संघाला असा एक जण लागतोच." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्यासारखा."

कुवाबाताच्या नाकाला मिरची झोंबली.

"बॅटिंगचं तुम्ही म्हणाल तेच वर चालतं," ओइनुमा जाता जाता म्हणाला. "एक शब्द सांगा, म्हणजे झालं."

एक शब्द सांगायला कुवाबाताची काही हरकत नव्हती. पाय तर पाय. जाऊ दे वर, बसू दे सतरा वर्षं बाकावर, आपल्या डोळ्यांपुढून टळला म्हणजे मिळवली.

दुपारी नॉक होता. नॉक म्हणजे कोचने स्वतः बॉल उडवून बॅटने लांब मारायचा आणि बाहेरच्या खेळाडूंनी पळून झेलायचा. नॉक हा कोचचा मान. त्यासाठी कुवाबाताची वेगळी बॅट होती, लांब आणि सडपातळ, आणि तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पण त्या दिवशी पाचपन्नास बॉल मारले न मारले तोच त्याचं कोपर धरलं. त्याने दात आवळून आणखी एक मारला, तो जेमतेम गवतापर्यंत गेला.

सेंटर फील्डवरून कुसाका धावत आला. "सर, बर्फ आणू?"

"बर्फ स्वतःच्या डोक्यावर ठेव!" कुवाबाता खेकसला. दुखण्याला कुणी साक्षीदार असला की त्याचं डोकं फिरायचं. "फार कळवळा आलाय ना? घे. तू मार नॉक. बघू तरी, नुसता उभा राहून मारताना तुझा बॉल कुठवर घरंगळतो."

मैदानावरची सगळी पोरं वळून बघायला लागली. कोचच्या हातची बॅट खेळाडूने घ्यायची म्हणजे भर वर्गात मास्तरांच्या खुर्चीत बसण्यासारखं होतं. कुसाकाने दोन्ही हातांनी ती घेतली, कपाळाला लावल्यासारखी केली, आणि उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

कुवाबाता तेव्हा कोपर चोळत होता. पहिला बॉल त्याने पाहिलाच नाही, फक्त आवाज ऐकला. त्या आवाजाने तो कोपर चोळायचा थांबला.

दुसरा पाहिला. कुसाकाने डाव्या हाताने बॉल अलगद वर सोडला, बॅट फिरली आणि बॉल डावीकडच्या खेळाडूच्या डोक्यावरून कुंपणापाशी पडला. तिसरा उजवीकडच्या कोपऱ्यात. चौथा बरोबर मध्ये, इतका उंच की खाली यायला विसरतो की काय असं वाटलं. पाचवा कुंपणावरची जाळी ओलांडून नदीच्या बांधावर गेला. तिथे एक म्हातारा कुत्रा फिरवत होता, तो दचकून आभाळाकडे बघायला लागला.

"माफ करा हं! जरा जास्त लागला!" कुसाका टोपी काढून बांधाच्या दिशेने वाकला.

कुवाबाता बॉलकडे बघतच नव्हता. तो कुसाकाच्या पायांकडे बघत होता. ते पाय जमिनीत रुतल्यासारखे उभे होते. चार वर्षांत पहिल्यांदा त्या पोराचे पाय बॅटच्या आधी कुठे निघाले नव्हते.

"उजवीकडे का उभा राहिलास?" त्याने विचारलं.

"चुकलं का, सर?" कुसाका गोंधळला. "नॉकला पळायचं नसतं ना... म्हणून. धाकट्या बहिणीच्या संघाला मी असाच नॉक मारायचो."

कुवाबाताने नाक मुरडलं. स्वतःच वर उडवलेला बॉल काय, त्याची सासूसुद्धा बांधापलीकडे मारेल. त्याच्या जोरावर कुणी बॅट्समन ठरत नाही. हे त्याने पोरांना मोठ्याने ऐकवलंसुद्धा. पण सराव संपल्यावर सगळे कपडे बदलायला गेले तेव्हा त्याने कुसाकाच्या कॉलरला धरलं आणि त्याला पिंजऱ्यात नेलं.

"उजवीकडे उभा राहा. मी टाकतो."

"सर, तुमचं कोपर..."

"माझ्या कोपराची काळजी करायला मला बायको आहे. आणि एक सांगतो. पळायचं नाही. एक पाऊल जरी हललं तरी तंगडं मोडून हातात देईन."

मग कुवाबाताने उजव्या हाताने, प्रत्येक बॉलला मनातल्या मनात शिव्या हासडत, टाकायला सुरुवात केली. पहिला बॉल चुकला. दुसरा चुकला. तिसऱ्याला कुसाका असा फिरला की पाठमोराच झाला. कुवाबाताच्या जिवाला बरंच वाटलं. "वा! माशा हाकलतोस झकास! जेवणाच्या हॉलमध्ये कामाला लावतो तुला!" पोराचे कान लाल झाले. आणखी चुकले, एक गुडघ्याला लागला, एक जाळीच्या छताला. आणि मग एक लागला.

कुवाबाता जाळीच्या आडोशाला होता तरी खाली बसला. बॉल त्याच्या डोक्यावरून गेला होता, पण तो बसला ते भीतीने. असा बॉल त्याच्या दिशेने कित्येक वर्षांत कुणी मारला नव्हता.

टोपलीभर बॉल संपेपर्यंत असे तीन लागले. बाकीचा सगळा कचरा. अगदी बघवणार नाही असा कचरा. खोटं कशाला सांगा, बॉल हवेत वळून येऊ लागले असते तर तो एकालाही शिवला नसता. पण ते तीन होते. कुवाबाताने आयुष्यभर बाकावर बसून मोठमोठ्या बॅट्समनना पाहिलं होतं. बाकावर बसून दुसरं करायचं तरी काय! आणि असा आवाज कुणाच्या बॅटमधून येतो आणि कुणाच्या जन्मात येत नाही, एवढं तरी त्याला कळत होतं.

दोघं बाकावर बसले. कुसाकाने बार्लीच्या गार चहाचे दोन पेले भरून आणले.

"चार वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?" कुवाबाता म्हणाला. "कधी बोलला नाहीस ते!"

कुसाका पेल्यात बघत राहिला. "मी आलो त्या पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, 'आला, आणखी एक टकटक्या आला.' मग काय बोलणार, सर?"

"तुला डावीकडे उभं केलं कोणी?"

"बाबांनी. तिसरीत असताना." मग तो जरा घुटमळला. "तुमच्यामुळे, सर."

"माझ्यामुळे?"

"बाबांनी तुम्हाला फुकुओकाला पाहिलं होतं. आठव्या डावात तुम्ही पळायला उतरलात, पिचरचा डोळा चुकवून दुसरा बेस चोरलात, तिसरा चोरलात, आणि मग इतक्याशा उंच गेलेल्या बॉलवर होम प्लेटला, घरी आलात. आईच्या पोटात तेव्हा मी होतो. बाबा म्हणाले, मुलगा झाला तर असा करायचा. तुम्ही बॉल लागायच्या आधी जसं पाऊल टाकायचात ना, तसंच पाऊल त्यांनी मला घोटून घोटून शिकवलं. रोज संध्याकाळी, बस डेपोच्या मागे." तो लाजून हसला. "त्यांच्या बसमध्ये आरशाखाली अजून तुमचं कार्ड लावलंय."

चार वर्षं ज्या पोराकडे बघून कुवाबाता नाकं मुरडत होता, ते पोरगं म्हणजे त्याचीच नक्कल होती, आणि तीही कुणीतरी मोठ्या मायेने, घाम गाळून बनवलेली.

"तुझा बाप ठार मूर्ख आहे," तो म्हणाला.

कुसाकाने पेला खाली ठेवला. "मला काय वाटेल ते म्हणा, सर." तो उठून उभा राहिला. "बाबांना नाही."

कुवाबाताने त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे याला राग येतो तर! चार वर्षांत हेही पहिल्यांदाच.

"ऐक," तो म्हणाला. "उद्या मला तुझ्याबद्दल सांगायचंय. पाय म्हणालो तर तू वसंतात वर जाशील. उजवी बॅट म्हणालो तर सगळं पहिल्यापासून. तुझा नंबर काढून घेतील आणि पाठीवर तीन आकडी चिकटवतील, शिकाऊ पोरांसारखा. दोन वर्षं तू नुसता माशा हाकलशील. तरीही कदाचित काहीच जमणार नाही, आणि मग सूट."

"पाय म्हणा, सर," कुसाका लगेच म्हणाला. "मार्चमध्ये बाबा निवृत्त होतायत. पहिल्याच सामन्याला येणार म्हणतात. मला आठव्या डावात उतरताना बघायचंय त्यांना. मला तुमच्यासारखंच व्हायचंय."

"चालता हो इथून," कुवाबाता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बैठक. वरून आलेले दोन साहेब, ओइनुमा आणि कुवाबाता. साहेबांपुढे कॉफी होती आणि चेहऱ्यावर कंटाळा. ज्यांनी जन्मात धुळीत लोळण घेतली नाही असली माणसं कुणाचे पाय ठेवायचे आणि कुणाचे काढायचे ते ठरवत बसली होती. बाकीच्या खेळाडूंचा फडशा पडला आणि ओइनुमा म्हणाला, "आता कुसाका. याचं सोपं आहे. याला आपण पाय म्हणून वर..."

"उजवीकडून बॅट," कुवाबाता म्हणाला.

"काय?"

"त्याला उजवीकडे उभा करतो. तीन आकडी नंबर द्या. दोन वर्षं मला द्या."

ओइनुमा त्याच्याकडे वळला. "कशाच्या जोरावर, साहेब?"

"काल मी त्याला टाकले. तीन लागले."

"तीन!" एक साहेब हसला. "टोपलीत किती होते?"

"भरपूर होते," कुवाबाता म्हणाला. "बाकीचे चुकले. मी सतरा वर्षं खेळलो, माझा एकही तसा लागला नाही. म्हणून मला तीन फार वाटतात."

"अहो, पण हातात असलेला चांगला पळणारा वाया घालवायचा?" ओइनुमा कळवळला. "तुमच्यासारखा माणूस तयार मिळत असताना..."

"माझ्यासारखा!" कुवाबाताने टेबलावर हात आपटला, तशी कॉफी सांडली. "अरे कोल्या, माझ्यासारखा म्हणजे कोण रे? सतरा वर्षांत मी काय केलं ते सांग बघू! दुसऱ्यांनी मारलं आणि मी पळालो. दुसऱ्यांच्या मेहनतीवर धूळ खात घरी आलो आणि लोकांनी माझ्या नावाचे टॉवेल विकत घेतले. तसला आणखी एक हवा असेल तर शाळाशाळांतून पडलेत, पोत्याने भरून आणा. हे पोरगं मला द्या."

मॅनेजरला 'अरे' म्हटल्यामुळे की काय, ओइनुमा खाली बघून सांडलेली कॉफी पुसायला लागला. मग एका साहेबाने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे. बॅटिंगचं तुम्ही म्हणाल तसं. जमलं नाही तर सूट."

"सूटला इस्त्री मी करून देईन," कुवाबाता म्हणाला.

कुसाकाला त्याच दुपारी बोलावून सांगितलं. ओइनुमा बोलत होता तोवर पोराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. बोलणं संपल्यावर तो ओइनुमापुढे वाकला, आभार मानले, आणि कुवाबाताकडे न बघता बाहेर गेला. बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून त्याने फोन लावला. कुवाबाता निघाला तेव्हा तो बोलतच होता, "हो बाबा... नाही, वर नाही. खाली. तीन आकडी. ... सरांनीच सांगितलं तसं." मग त्याने फोन दोन्ही हातांनी कुवाबातापुढे धरला. मान दुसरीकडेच होती. "बाबांना तुमच्याशी बोलायचंय."

कुवाबाता शिव्या खायच्या तयारीने फोन कानाला लावून उभा राहिला.

"कुवाबातासाहेब! साक्षात तुम्ही!" पलीकडचा माणूस इतका हरखला होता की त्याला धड बोलता येईना. मागे बसचं इंजिन घरघरत होतं. "फुकुओकाला त्या दिवशी मी तिसऱ्या बेसच्या बाजूला होतो, साहेब. तुम्ही घरी आलात तेव्हा आम्ही अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडलो."

"त्यात काय एवढं," कुवाबाता पुटपुटला.

"असं म्हणू नका हो. त्या दिवसावर मी बावीस वर्षं काढली."

कुवाबाताच्या तोंडात शिव्या लगेच येत, हे असलं काही येत नसे.

"पोरगं नाराज आहे, पण ते जाऊ दे," बाप म्हणाला. "तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार. फक्त एक विचारतो. मी त्याला डावीकडे उभं केलं, ते चुकलं का माझं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! म्हातारा बसमध्ये बसून सुखाने घरी गेला असता.

"चुकलं," कुवाबाता म्हणाला.

मग बाप हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या कार्डावर लिहिलंय साहेब, फेक उजवी, बॅट डावी. मी रोज वाचतो. म्हणजे तुम्हीसुद्धा मूळचे उजवेच ना? तुम्हाला कुणी उभं केलं डावीकडे?"

"शाळेच्या मास्तरांनी."

"आणि तुम्हाला कुणी परत..."

"तुमच्या बसला उशीर होतोय," कुवाबाता म्हणाला आणि फोन कुसाकाच्या हातात कोंबून निघून गेला.

त्यानंतर कुसाका त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. "हो सर" नाही, "नाही सर" नाही, नुसता वाकायचा. पाठीवर एकशे चोवीस नंबर लावून तो रोज सकाळी उजवीकडे उभा राही आणि बॉलमागून बॉल चुकवी. पोरं आता खाली मान घालून नाही, उघड हसत. परवापरवाची शाळकरी पोरं पिंजऱ्यामागून त्याला बॉल मारायला शिकवू लागली. कुवाबाता जाळीमागून एकच शब्द ओरडे, "पाय!" आणि पोराचे पाय थांबत, आणि बॅट फिरे, आणि बॉल चुके. आठवड्यात एखादा लागला तर लागे. ओइनुमा लांबून मान हलवी. कुवाबाताला कधी कधी वाटे, आपण एका पोराचा हातातोंडाशी आलेला घास काढून घेतलाय आणि त्याच्या बापाचा मार्च बुडवलाय, तोही तीन बॉलच्या आवाजावर.

मग एक दिवस त्याचं कोपर बरं झालं आणि तो नॉकला आला. पोरं आपापल्या जागी पळत गेली. कुवाबाताने आपली लांब बॅट उचलली, सवयीने डाव्या बाजूला उभा राहिला, आणि तसाच थांबला. टोपलीतून बॉल देणारा पोरगा हात पुढे करून वाट बघत राहिला. कुवाबाताने इकडे तिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि प्लेट ओलांडून उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ओइनुमाने खुर्चीतून मान उंचावली.

कुवाबाताने बॉल वर सोडला आणि बॅट फिरवली. बॉल बॅटच्या टोकाला घासला आणि लटपटत, गवतात डोकं खुपसत, पिचरच्या जागेपर्यंतसुद्धा पोचला नाही. कुणी हसलं नाही. हसायची हिंमत कुणाला होती!

सेंटर फील्डवरून आवाज आला. इतक्या दिवसांनी तो आवाज आला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आला.

"सर! बॉल मारताय की बस पकडताय?"

बॉल देणाऱ्या पोराने डोळे मिटून घेतले. ओइनुमा अर्धवट उठला. कोचला, तेही नॉकच्या वेळी, असलं बोलणाऱ्या खेळाडूला संध्याकाळपर्यंत मैदानाभोवती पळावं लागतं, आणि पळवणाऱ्यांत कुवाबाताचा हात धरणारा कुणी नव्हता.

कुवाबाताने शिवी द्यायला तोंड उघडलं आणि सहज खाली पाहिलं. त्याचं मागचं पाऊल प्लेट ओलांडून पहिल्या बेसच्या वाटेला लागलं होतं. सत्तावन्नाव्या वर्षी, नॉकमध्ये, जिथे कुणाला कुठे पळायचंच नसतं तिथे, तो पळत सुटला होता. शाळेच्या मास्तरांनी एकदा लावलेली ती चाल अजून थांबली नव्हती.

त्याने ते पाऊल उचललं आणि परत मागे आणलं.

"आणखी एक बॉल दे," तो म्हणाला. मग हात तोंडाशी धरून ओरडला, "कुसाका! मागे सरक! हा तुझ्या डोक्यावरून जाणार आहे!"

कुसाका खरंच मागे सरकला, कुंपणाला पाठ लागेपर्यंत. कुवाबाताने सगळं अंग लावून मारलं. कोपरातून कळ गेली. बॉल वर गेला, जरासा डगमगला आणि दुसऱ्या बेसच्या थोडा पलीकडे, रिकाम्या गवतात पडला. सगळ्यात लांबच्या जागेवरून कुसाका तिथवर पळत आला. त्याने बॉल उचलला, पॅंटला पुसला, पण फेकला नाही. चालत प्लेटपर्यंत आला आणि दोन्ही हातांनी कुवाबाताच्या हातात दिला.

"पाय, सर," तो म्हणाला. "अजून हलतायत."